खडकावर चढणारी छोटी गाडी
थोड्या खर्चात करावयाच्या सुधारणा आणि त्यांमागील यांत्रिकी

वेगाने धावणारे यंत्र पाहून मन थक्क होते. पण अत्यंत सावकाश चालणारे यंत्रही तितकेच विचार करावयास लावते. तळहाताहून थोडी मोठी, बिनतारी संदेशाने चालणारी एक चारचाकी गाडी दगडांच्या राशीपाशी येते, पुढचे चाक दगडाच्या कडेला टेकविते, क्षणभर थबकते आणि मग इंचाइंचाने वर सरकू लागते. कधी ती माथ्यावर पोहोचते, तर कधी एका बाजूस कलंडून उताणी पडते. ती का चढली आणि का पडली, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत शालेय यांत्रिकीचा मोठा भाग सामावलेला आहे. घर्षण, गुरुत्वमध्य, तरफ, दंतचक्रांचे प्रमाण हे सारे पाठ्यपुस्तकातील विषय या लहानशा गाडीत एकत्र नांदतात.

अशा गाडीला इंग्रजीतील नावावरून ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. रॉक क्रॉलर म्हणजे खडकावरून सरपटत जाणारी गाडी. तिच्यासाठी पितळेची चाके, धातूचे आस, बलवान मोटर असे नाना सुटे भाग बाजारात मिळतात, आणि ते सर्व विकत घेतले तर मूळ गाडीहून अधिक खर्च सहज होतो. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या विज्ञानमंडळाला हे परवडण्याजोगे नसते. मग थोड्या पैशांत गाडी अधिक चांगली चढेल असे काय करता येईल? उत्तर मुख्यतः तराजू, मोजपट्टी आणि कोनमापक यांच्याकडे आहे.

छंदाचा उगम

खडकाळ वाटांवरून मोठ्या मोटारगाड्या चढविण्याचा खेळ अमेरिकेच्या पश्चिम भागात वाढला. कॅलिफोर्नियातील रुबिकॉनची वाट आणि युटा राज्यातील मोआबचे तांबूस खडक त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्याचीच लहान प्रतिकृती म्हणून बिनतारी गाड्यांचा खेळ निघाला. आरंभी तयार गाड्या मिळत नसत. टामिया या जपानी कंपनीने १९८७ साली आणलेल्या ‘क्लॉड बस्टर’ नावाच्या खेळण्याचे आस काढून, त्यांवर स्वतः तयार केलेला सांगाडा बसवून हौशी मंडळी आपल्या गाड्या बनवीत. म्हणजे या खेळाचा जन्मच दुसऱ्या कामासाठी केलेल्या वस्तूत फेरफार करण्यातून झाला.

पुढे कारखान्यांनी खास या कामासाठी गाड्या काढल्या. ॲक्सिअल या अमेरिकन नाममुद्रेची १/२४ मापाची ‘एससीएक्स२४’ ही गाडी २०२० च्या सुमारास बाजारात आली आणि अंगणात किंवा टेबलावर दगड मांडून खेळता येईल असा हा छंद झाला. बिनतारी संदेशासाठी अशा गाड्या २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरतात. अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी या पट्ट्यास भारत सरकारने २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे.

लहान झाल्याने काय बदलते

मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृती केली, तर तिचे सर्व गुणधर्म सारख्याच प्रमाणात लहान होत नाहीत. लांबी २४ पटींनी कमी झाली, की क्षेत्रफळ २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ पटींनी कमी होते, आणि घनफळ १३,८२४ पटींनी. १,८०० किलोग्रॅम वजनाच्या जीपगाडीची त्याच द्रव्यांची हुबेहूब १/२४ प्रतिकृती केली, तर तिचे वजन जेमतेम १३० ग्रॅम भरेल. वजन १३,८२४ पटींनी घटले, पण ते पेलणारे टायरचे क्षेत्रफळ केवळ ५७६ पटींनी घटले. म्हणून टायरच्या दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा दाब मूळच्या एकचोविसांश झाला.

याचा परिणाम विलक्षण आहे. मोठ्या गाडीचा टायर तिच्या भाराखाली दबून दगडाला घट्ट बिलगतो. लहान गाडीचा टायर, त्याच रबराचा आणि त्याच प्रमाणात जाड असला तरी, दबतच नाही. दगडाच्या एकदोन उंचवट्यांना तो नुसता टेकून राहतो. याउलट अडथळे मात्र लहान होत नाहीत. १० सेंटिमीटर उंचीचा अंगणातला दगड या गाडीच्या दृष्टीने २४० सेंटिमीटरचा कडा असतो. चढण मोठ्या डोंगराची आणि टायरची पकड हलकी, अशी या खेळण्याची अडचण आहे. प्रत्येक सुधारणेचा हेतू ही अडचण दूर करणे हाच असतो.

वजन वाढविले की पकड वाढते काय?

नवशिक्याच्या मनात पहिली कल्पना येते ती अशी, की गाडी जड केली म्हणजे ती दगडाला घट्ट धरील. घर्षणाचा नियम पाहता ही समजूत टिकत नाही. गाडी जड केली, की तिला दगडावर दाबणारे बल वाढते व घर्षण वाढते, हे खरे. परंतु तिला उतारावरून खाली खेचणारे बलही तेवढ्याच पटीने वाढते. दोन्ही बाजू सारख्याच वाढल्याने निकाल बदलत नाही. पृष्ठभाग कोणत्या कोनापर्यंत तिरपा केला असता वस्तू घसरत नाही, हे घर्षणगुणांकावर अवलंबून असते, वजनावर नव्हे. शिवाय जादा वजन वर चढविण्याचे काम मोटरलाच करावे लागते. २५० ग्रॅमची गाडी ३०० ग्रॅमची झाली, तर त्याच चढणीवर मोटरला एकपंचमांश काम अधिक पडते.

असे असूनही अनुभवी खेळाडू गाडीत वजने बसवितात आणि त्यांच्या गाड्या खरोखरच अधिक चांगल्या चढतात. याचे रहस्य वजनाच्या जागेत आहे.

गुरुत्वमध्याचा हिशेब

बाजूच्या उतारावर उभी असलेली गाडी कधी कलंडते? तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा खालच्या बाजूच्या चाकांच्या पलीकडे गेला, की ती कलंडते. म्हणून दोन चाकांमधील अर्धे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा भागाकार जितका मोठा तितकी गाडी स्थिर.

समजा, गाडीचे वजन २५० ग्रॅम आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ मिलिमीटर उंच आहे आणि चाकांमधील अर्धे अंतर ४० मिलिमीटर आहे. स्प्रिंगांचा विचार तूर्त बाजूला ठेवला, तर ही गाडी सुमारे ४२ अंशांच्या बाजूच्या उतारावर कलंडेल. आता चाकांच्या आत, म्हणजे जमिनीपासून २५ मिलिमीटरवर, ५० ग्रॅम वजन बसविले. गुरुत्वमध्य सुमारे ४२ मिलिमीटरवर उतरतो आणि कलंडण्याचा कोन सुमारे ४४ अंश होतो. तेच ५० ग्रॅम टपावर, ९० मिलिमीटर उंचीवर ठेवले, तर गुरुत्वमध्य ५२.५ मिलिमीटरवर चढतो आणि कोन घसरून ३७ अंशांवर येतो. वजन तेच असताना केवळ जागा बदलल्याने सुमारे साडेसहा अंशांचा फरक पडला.

पण तिसरी शक्यता याहून उद्‌बोधक आहे. गाडीच्या टपावर सामानाचा कठडा, जादा चाक, खोटे दिवे असा शोभेचा संभार असतो. आत आसने व चालकाची बाहुली असते. ७५ मिलिमीटरच्या सरासरी उंचीवरचे असे ३० ग्रॅम काढून टाकले, तर गुरुत्वमध्य ४१ मिलिमीटरवर येतो आणि कोन ४४ अंशांच्या किंचित वर जातो. म्हणजे खाली ५० ग्रॅम पितळ भरून जे साधत होते, ते वरचे ३० ग्रॅम उतरवून साधले. पैसा लागला नाही, मोटरवरचा बोजाही घटला. दोन्ही उपाय एकत्र केले, तर कोन साडेशेहेचाळीस अंशांपर्यंत पोहोचतो.

म्हणून सुधारणेचा पहिला नियम असा: वर काही लावण्यापूर्वी वरचे काढता येते का, ते पाहावे. हा त्याग मुलांना सहजासहजी मान्य होत नाही, कारण दिव्यांनी व कठड्याने सजलेली गाडीच त्यांना प्रिय असते. रूप आणि सामर्थ्य यांतील ही निवड प्रत्येक अभियंत्यास करावी लागते. ती लहान वयात आणि स्वतःच्या हातांनी करावयास मिळणे हा मोठाच लाभ होय.

चढणीवर पुढची चाके हलकी का होतात

सरळ चढणीवर निराळाच प्रश्न उभा राहतो. गाडीचे तोंड वर झाले, की तिचा भार मागच्या चाकांवर सरकतो. वरील गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांमध्ये १३० मिलिमीटर अंतर असून गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर असेल, तर सपाटीवर पुढच्या चाकांवर निम्मा भार असतो. ३५ अंशांच्या चढणीवर मात्र दगडावर पडणाऱ्या एकूण दाबापैकी सुमारे २६ टक्केच त्यांच्या वाट्यास येतो. दगडाच्या कडेवर चढण्याचे मुख्य काम पुढच्या चाकांचे आणि नेमकी तीच हलकी झालेली, अशी स्थिती होते. चाके फिरतात, पण पकडत नाहीत. थोडा अधिक चढ आला, की गाडी मागे उलटते.

यावर फुकटचा उपाय म्हणजे बॅटरीची जागा बदलणे. ५० ग्रॅमची बॅटरी ५० मिलिमीटर पुढे सरकविली, तर २५० ग्रॅमच्या गाडीचा गुरुत्वमध्य १० मिलिमीटर पुढे येतो. तेवढ्याने त्याच चढणीवर पुढच्या चाकांचा वाटा २६ वरून सुमारे ३३ टक्के होतो. हाच परिणाम पुढच्या दोन चाकांत मिळून ५० ग्रॅमचे नवे वजन बसवूनही मिळतो; पण त्यासाठी गाडी ५० ग्रॅमने जड करावी लागते. दोन पट्ट्या, थोडी दोरी किंवा वेलक्रोचा तुकडा एवढ्यावर बॅटरीचे स्थलांतर होते. तारा फिरत्या आसात किंवा सुकाणूच्या दांड्यांत अडकणार नाहीत, याची मात्र काळजी घ्यावी.

एवढे करूनही वजन घालावेसे वाटल्यास ते चाकांच्या आत आणि अधिकतर पुढच्या चाकांत घालावे. त्यासाठी टायरच्या दुकानात चाकांचा तोल साधण्यासाठी वापरतात ती चिकटपट्टीची वजने उपयोगी पडतात. त्यांतील काही शिशाची असतात. लोखंडाची वजने लोहचुंबकाला चिकटतात, त्यावरून ती ओळखावीत आणि तीच घ्यावीत. शिसे विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये.

टायर आणि त्यातील स्पंज

या गाड्यांच्या टायरांत दाबलेली हवा नसते. आत स्पंजाचे कडे असते. वर सांगितल्याप्रमाणे हलक्या गाडीखाली हा स्पंज दबत नाही. तो काढून त्याच्या बाहेरील कडेला कात्रीने थोड्याथोड्या अंतरावर त्रिकोणी खाचा पाडल्या, म्हणजे कडे चांदणीच्या आकाराचे झाले, की टायर मऊ होतो आणि दगडाच्या कडेभोवती वळतो. मूळ स्पंज खराब होण्याची भीती वाटल्यास सोफा दुरुस्त करणाऱ्याकडील स्पंजाच्या तुकड्यांवर आधी प्रयोग करावा. टायर दबताना आतील हवा बाहेर पडण्यास वाट हवी. टायरला किंवा चाकाला बारीक छिद्र नसेल तर ते पाडावे. नव्या टायरवर साच्यातील तेलकट थर राहिलेला असतो, तो साबणाच्या पाण्याने धुऊन काढावा.

येथेही अतिरेक उपयोगाचा नाही. स्पंज फारच मऊ केला, तर बाजूच्या उतारावर टायर चाकाखाली दुमडतो आणि गाडी कलंडते. पुढच्या टायरांत अधिक मऊ व मागच्या टायरांत थोडा ताठ स्पंज ठेवून पाहावे.

शक्ती, गती आणि दोन चाकांचे भांडण

मोठी मोटर बसविण्याचा मोह अनेकांना होतो. पण खडकावर गती नको असते, बल हवे असते. मोटरच्या आसावरील लहान दंतचक्राचे दाते कमी केले, तर चाके सावकाश फिरतात आणि त्याच प्रमाणात त्यांचे वळविण्याचे बल वाढते. १२ दात्यांच्या जागी ९ दात्यांचे चक्र बसविले, तर गती तीनचतुर्थांश होते आणि घर्षणातील तूट सोडल्यास बल एकतृतीयांशाने वाढते. नव्या मोटरच्या मानाने या लहान चक्राची किंमत अगदी थोडी असते.

स्वस्त खेळण्यांत आणखी एक उणीव आढळते. रस्त्यावरील मोटारगाडीत वळणावर बाहेरचे चाक अधिक फिरावे म्हणून दोन चाकांमध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची जुळणी असते. ती दोन्ही चाकांना सारखेच बल देते. एक चाक हवेत लोंबकळू लागले, की ते फुकट फिरते आणि त्याला लागते तेवढेच क्षुल्लक बल दगडावर टेकलेल्या चाकास मिळते. म्हणून खास खडकासाठी केलेल्या गाड्यांत दोन्ही चाके एकाच आसाने जखडलेली असतात. साध्या खेळण्यात ही जुळणी असल्यास ती उघडून, आतील वंगण पुसून, नळ दुरुस्त करताना वापरतात ती दोन भागांची एपॉक्सी लांबी दात्यांमध्ये भरून ती जखडता येते. गाडीस वळण्यास मग जागा अधिक लागते, पण ती दगडावर अडून बसत नाही.

बॅटरीविषयी सावधगिरी

काटकसर जिथे करू नये अशी एकच जागा आहे, ती म्हणजे बॅटरी. या गाड्यांत बहुधा लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. तिच्या प्रत्येक घटाचा विद्युत्‌दाब ३.७ व्होल्ट मानला जातो. पूर्ण भारित झाल्यावर तो ४.२ होतो आणि ३ व्होल्टच्या खाली जाऊ दिल्यास घट निकामी होतो. असा घट टोचला गेला, चिरडला गेला किंवा प्रमाणाबाहेर भारित झाला, तर पेट घेऊ शकतो. बॅटरी पुढे सरकविताना ती दगडावर आदळणार नाही अशा आवरणात ठेवावी. घटांचा समतोल राखणाऱ्या चार्जरनेच ती भारित करावी आणि त्या वेळी जाणत्या माणसाने जवळ असावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. अधिक जोर मिळावा म्हणून दोन घटांच्या जागी तीन घट जोडण्याचा मार्ग सुचविला जातो. पुस्तिकेत तशी परवानगी नसेल, तर मोटर किंवा नियंत्रक जळून सारी बचत वाया जाते.

सुधारणा झाली हे कसे ओळखावे

‘आता गाडी चांगली चढते’ हे मत झाले. विज्ञानाला माप हवे. सुमारे पाऊण मीटर लांबीची फळी घ्यावी, तिच्यावर जाडाभरडा पॉलिश पेपर चिकटवावा आणि एका कडेस कोनमापक लावून त्याच्या मध्यबिंदूपासून ओळंबा सोडावा. फळीवर गाडी आडवी उभी करून, खालच्या चाकांना घसरू न देण्यापुरती बारीक पट्टी ठोकून, फळी हळूहळू उचलावी. वरची चाके सुटतात तो कोन टिपून घ्यावा. असे पाच वेळा करून सरासरी काढावी. या कोनावरून आणि चाकांमधील अंतरावरून गुरुत्वमध्याची उंची गणिताने काढता येते. स्प्रिंगा दबून गाडी कलत असल्याने हे उत्तर प्रत्यक्षाहून किंचित अधिक येते.

पुढच्या चाकांवरील भार मोजण्यासाठी स्वयंपाकघरातील तराजू पुरतो. पुढची चाके तराजूवर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवावीत. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावे. दोन बदल एकदम केले, तर यशाचे श्रेय कोणास द्यावे हे कळत नाही. खर्चाचा आकडाही मोजमापाशेजारीच लिहावा. एक अंश मिळविण्यास किती रुपये पडले, हे त्यावरून दिसते. सुटे भाग घ्यावयाचे झाल्यास मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा बंगळूरचा एस. पी. रोड येथील विद्युत्‌-साहित्याच्या दुकानांत चौकशी करता येईल. अटल नवोन्मेष मोहिमेखाली २०१६ पासून शाळांत उघडलेल्या टिंकरिंग प्रयोगशाळांतही अशा कामास लागणारी हत्यारे असतात.

दूरच्या खडकांवर

खडकांवरून सावकाश चालणाऱ्या यंत्रांचा उपयोग खेळापुरता मर्यादित नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ उतरले. त्यातून बाहेर पडलेली ‘प्रज्ञान’ ही २६ किलोग्रॅमची गाडी सहा चाकांची होती. चाके खडबडीत जमिनीवर टेकलेली राहावीत म्हणून ती एकमेकींशी जोडलेल्या तरफांवर बसविली होती. अवकाशात पाठवावयाच्या वस्तूचा ग्रॅमन्‌ग्रॅम मोजावा लागतो. तेथेही प्रश्न वजनाचा आणि ते कोठे ठेवावे याचाच असतो.

अमेरिकेची ‘क्युरिऑसिटी’ ही गाडी २०१२ साली मंगळावर उतरली. पुढच्याच वर्षी तिची ॲल्युमिनियमची चाके अणकुचीदार खडकांनी फाटू लागल्याचे छायाचित्रांत दिसले. मंगळावर नवे चाक पाठविण्याचा मार्ग नव्हता. अभियंत्यांनी कमी खडकाळ वाटा निवडल्या आणि जमिनीच्या चढउताराप्रमाणे प्रत्येक चाकाची गती बदलणारी नवी आज्ञावली २०१७ साली पृथ्वीवरून पाठविली. त्यामुळे चाकांवर येणारा ताण कमी झाला. सुटा भाग एकही न बदलता केवळ विचाराच्या बळावर गाडी सुधारण्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पितळेची चाके घेण्यास पैसे असोत वा नसोत, टपावरचे ओझे उतरविणे, बॅटरी पुढे नेणे, स्पंजास खाचा पाडणे आणि प्रत्येक वेळी कोन मोजणे ही चार कामे कोणत्याही विज्ञानमंडळाला करता येतील. ती करून झाल्यावरही गाडी एखाद्या दगडावर अडली, तर ती का अडली हे मंडळातील मुलांना सांगता येईल. नवा भाग विकत घ्यावा की नाही, हे ठरविण्याची योग्य वेळ तीच होय.